लिव्हर-ॲक्शन रायफलच्या गोळ्या का पसरतात : तक्रारीची पार्श्वभूमी

शंभर यार्डांवर गोळ्या तीन-चार इंचांत पसरतात, ही लिव्हर-ॲक्शन, म्हणजे ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून पुढचे काडतूस भरणाऱ्या, शिकारी रायफलबद्दलची तक्रार अमेरिकेत आज सर्रास ऐकू येते. रायफल मात्र या तक्रारीपेक्षा बरीच जुनी आहे. विंचेस्टर ९४ आली १८९४ मध्ये आणि धूरविरहित दारूचे .३०-३० काडतूस तिच्यासाठी निघाले १८९५ मध्ये. पुढची कित्येक दशके ती दाट झाडीत हरणामागे हिंडली. तिथे उघड्या माशीने, म्हणजे बॅरलवरच्या खुणेने, नेम धरायचा आणि थोड्याच अंतरावर बार काढायचा, अशी शिकार होती. हरणाच्या छातीतला मर्मभाग आठेक इंचांचा धरतात. चार इंचांचा ग्रुप, म्हणजे पडलेल्या गोळ्यांचा झुबका, त्यात सहज बसतो, त्यामुळे तो मोजायची गरज फारशी कोणाला पडली नाही.

मोजमाप सुरू झाले ते दुर्बिणीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्बीण लावलेल्या बोल्ट-ॲक्शन (हाताने मागे-पुढे सरकवायच्या खटक्याच्या) रायफली घराघरांत गेल्या आणि 'मिनिट ऑफ अँगल', म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच, हे माप सगळ्यांच्या तोंडी बसले. १९४८ मध्ये आलेल्या मार्लिन ३३६ या लिव्हर-ॲक्शन रायफलचे रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारा मधला धातूचा भाग, वरून बंद होते आणि रिकामे काडतूस बाजूने बाहेर पडायचे, म्हणून तिच्यावर दुर्बीण नीट बसली. विंचेस्टर ९४ काडतूस वर उडवायची. तिच्यावर दुर्बीण एका बाजूला सरकवून लावावी लागे आणि गाल दस्त्यावर धड टेकत नसे. ही अडचण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काडतूस तिरके बाहेर टाकणारी रचना आल्यावर सुटली. माझ्या मते तक्रारींचा बराचसा वाटा इथला आहे: रायफल तीच राहिली, बघणाऱ्याला जास्त दिसू लागले.

तरीही तक्रार खोटी नाही. या रायफलच्या बॅरलला मोकळे कोणी सोडलेलेच नाही. खाली काडतुसे साठवणारे नळीसारखे मॅगझिन, त्याला बॅरलशी जखडणाऱ्या कड्या, शिवाय पुढे मुठीसाठी लाकूड, आणि मागचा दस्ता वेगळ्या तुकड्याचा, एका स्क्रूच्या भरवशावर धरलेला. दोन-तीन बार झाले की बॅरल तापून लांबते. मॅगझिनची नळी मात्र तुलनेने थंडच राहते. कडी घट्ट असेल तर दोघांची ओढाताण सुरू होते. कागदावर ती स्पष्ट दिसते: पहिली गोळी नेमावर, दुसरी त्याच उभ्या रेषेत बोटभर सरकलेली, तिसरी आणखी पुढे. बॅरल थंड होऊ दिले की पुढची गोळी पुन्हा पहिलीच्या शेजारी पडते. असा उभा माग दिसला की बॅरलला दोष देण्याआधी कड्यांचे स्क्रू आणि लाकडाचा स्पर्श बघावा. मॅगझिन भरलेले असताना आणि रिकामे असताना ग्रुपची जागा बदलते का, तेही तपासावे.

दोष लिव्हरचा नाही, हे त्याच काळातल्या दुसऱ्या रायफलींवरून कळते. विंचेस्टर १८९५ चे मॅगझिन पेटीसारखे, रिसीव्हरच्या खाली होते. दक्षिण भारतातल्या नरभक्षकांच्या शिकारकथा वाचलेल्यांना तिचे .४०५ काडतूस आठवेल. १८९९ च्या सॅव्हेजमध्ये फिरते मॅगझिन होते. या दोन्हींच्या बॅरलखाली नळी नव्हती, आणि टोकदार गोळ्याही चालत. नळीच्या मॅगझिनमध्ये एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकते, म्हणून तिथे चपट्या तोंडाच्या गोळ्याच वापराव्या लागल्या.

आणखी एक जुनी गोष्ट कमी बोलली जाते. मार्लिनचा लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि बॅरल मागून साफ करता येते. ९४ मध्ये त्यासाठी बरीच खोलाखोल लागते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गज तोंडाकडूनच घातला. गजाच्या घासण्याने बॅरलच्या तोंडाची कड एका बाजूने झिजते आणि गोळी बाहेर पडताना वायू सगळीकडून सारखा सुटत नाही. वारशाने आलेल्या रायफलीत हा दोष आधी शोधावा. बंदूक दुरुस्त करणारा कड नव्याने कापून देतो, बॅरल बदलावे लागत नाही.

सगळ्यात जास्त वाद मात्र झाला तो मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह या बॅरलच्या आतल्या खाचांच्या पद्धतीवर. १९५३ मध्ये कारखान्याने ही पद्धत आणली आणि पुढच्या काही वर्षांत ती ३३६ मध्येही आली. आधी बॅरलमध्ये गोळीला पीळ देणाऱ्या मोजक्या, खोल खाचा असत. आता त्या उथळ आणि पुष्कळ झाल्या; .३०-३० मध्ये बारा. गोळी कमी विद्रूप होईल आणि वायू कमी गळेल, असा कारखान्याचा युक्तिवाद होता. तांब्याचे आवरण असलेल्या कारखानी गोळ्यांनी तो खरा ठरवला. ओरड आली घरी शिसे ओतून गोळ्या बनवणाऱ्यांकडून. त्यांचे म्हणणे असे, की उथळ खाचांत शिसे धरत नाही, गोळी पीळ न घेता घसरत जाते. हे वाक्य इतक्या वेळा सांगितले गेले की ते तपासायची गरजच उरली नाही.

ज्यांनी तपासले त्यांना वेगळेच सापडले. .३०-३० मध्ये .३०८ किंवा .३०९ इंच व्यासाच्या शिशाच्या गोळ्या पसरत होत्या. त्याच मिश्रधातूच्या .३१० किंवा .३११ च्या गोळ्या नीट एकत्र पडू लागल्या. म्हणजे गोळी खाचांतून घसरत होती ती बारीक असल्यामुळे. मार्लिनच्या .४४ मॅग्नम काडतुसाच्या रायफलीत गुंता आणखी वाढला. तिथे बॅरलचे आतले माप सैल असायचे आणि खाचांचा पीळ ३८ इंचांत एक फेरा इतका मंद होता. त्याच काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण २० इंचांत फेरा असतो. २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी त्या मंद पिळात चालते, ३०० ग्रेनची लांब गोळी डगमगते. दोष पिळाचा आणि मापाचा, आणि नाव खराब झाले खाचांच्या उथळपणाचे. मला हा अन्याय वाटतो, कारण त्यापायी चांगली बॅरले काढून टाकली गेली.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या काउबॉयच्या वेशातल्या नेमबाजी स्पर्धा वाढल्या. त्यांत शिशाच्याच गोळ्या लागत. दशकाच्या अखेरीस कारखान्याने पिस्तुली काडतुसांच्या 'मॉडेल १८९४' रायफलीत आणि मोठ्या व्यासाच्या बॅरलच्या 'मॉडेल १८९५' रायफलीत खोल खाचा परत आणल्या. अनेकांनी त्याला चुकीची कबुली मानले. पण .३०-३० मध्ये मायक्रो-ग्रूव्ह तशीच राहिली, हे ते विसरतात. गिऱ्हाईक बदलले म्हणून माल बदलला, इतकाच त्याचा अर्थ निघतो.

विंचेस्टरने १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी ९४ मध्ये केलेल्या बदलांचेही थोडे असेच आहे. त्याआधीची रायफल महाग आणि नंतरची हलकी, असा भाव बाजारात आजही चालतो. बदल झाले ते मुख्यतः रिसीव्हरच्या धातूत आणि आतल्या पत्र्याच्या भागांत. कागदावरच्या ग्रुपचे कारण तिथे शोधून फारसे हाती लागत नाही.

२००७ च्या अखेरीस मार्लिन दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०११ पर्यंत कनेक्टिकटमधला कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यात नेले. यंत्रे गेली, पण हाताला सवय असलेले कारागीर बहुतांशी मागेच राहिले. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या रायफलींबद्दल तिरकी माशी आणि नीट न बसलेले लाकूड अशा तक्रारी खूप झाल्या. त्या काळातली रायफल हाती असेल, तर दुर्बिणीचे स्क्रू आणि माशीची सरळ रेघ हेच आधी बघणे शहाणपणाचे. २०२० च्या दिवाळखोरीत ब्रँड पुन्हा विकला गेला आणि २०२१ च्या अखेरीपासून उत्तर कॅरोलिनात नवे, थंड ठोकून घडवलेले बॅरल असलेल्या रायफली निघू लागल्या. आता काही मॉडेलांच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटेही असतात. बॅरलच्या टोकाला नवे वजन लावले की ग्रुपची जागा सरकणारच, म्हणून नेम सायलेन्सर लावूनच पक्का करावा लागतो.

काडतुसांनीही अपेक्षा वाढवल्या. २००६ च्या सुमारास मऊ, लवचीक टोकाच्या टोकदार गोळ्या आल्या. त्या नळीच्या मॅगझिनमध्येही सुरक्षित होत्या. दीडशे यार्डांची रायफल अडीचशे यार्डांवर वापरण्याचा मोह झाला, आणि जवळून न जाणवणारा पसारा लांबून दिसू लागला.

पिळाचा प्रश्न आता पुन्हा ऐरणीवर आला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. निव्वळ तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. मंद पिळाच्या .४४ मध्ये कमी वजनाची, आखूड तांब्याची गोळीच घ्यावी. पीळ माहीत नसेल तर घरी मोजता येतो. रायफल पूर्ण रिकामी करायची, मूठ मोकळी फिरणाऱ्या गजाला घट्ट बसणारे कापड लावायचे, ते थोडे आत गेले की गजावर वरच्या बाजूला आणि बॅरलच्या तोंडाशी अशा दोन खुणा करायच्या, आणि हळूहळू आत ढकलायचे. वरची खूण अर्धा फेरा फिरून खाली आली की बॅरलच्या तोंडाशी दुसरी खूण करायची. तोंडाशी केलेल्या दोन खुणांतल्या अंतराची दुप्पट म्हणजे पीळ. ते अंतर १९ इंचांच्या आसपास भरले, तर पीळ ३८ चा आहे, आणि लांब गोळीसाठी खाचांना, कड्यांना किंवा दस्त्याला दोष देऊन काही निघणार नाही.