मंडळीशी विचारविनिमय

मंडळीशी विचारविनिमय : पाळक, वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ), धर्मगुरू किंवा बिशप यांनी मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचे, म्हणणे ठरावीक पद्धतीने ऐकून घेण्याची आणि त्यावरून आपल्या कामात बदल करण्याची ख्रिस्ती प्रथा. उपासनेनंतर दाराशी होणारी विचारपूस यात धरत नाहीत. तिथे बहुतेकांच्या तोंडून ‘उपदेश छान झाला’ एवढेच निघते.

प्रथेचा सर्वांत जुना दाखला बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची कुरकुर होती. बारा प्रेषितांनी सगळ्यांना एकत्र बोलावले, सात माणसे निवडायला सांगितले आणि निवडलेल्यांवर हात ठेवून काम सोपवले. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटप गेले. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी आपल्या याजकांना लिहिले होते, की त्यांचा सल्ला आणि लोकांची संमती यांवाचून काही करायचे नाही, असे पदावर आल्यापासून ठरवले आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीचे तिसरे प्रकरण याच विषयावर आहे. महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण चांगली गोष्ट देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो. निर्णय मात्र मठाधिपतीनेच घ्यावा.

निर्णय कोणाचा, यावर पंथांत फरक आहे. काँग्रिगेशनल मंडळ्यांत सभासदांची सभाच ठरवते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीने निवडलेले वडील पाळकासह निर्णय घेतात. क्वेकर सभेत मतदान होत नाही: सभेचा कल लिपिक जागच्या जागी लिहून वाचून दाखवतो आणि उपस्थितांनी मान्य केल्यावरच तो नोंदला जातो. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतील कलम 212 श्रद्धावंतांना आपले मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क देते. काही वेळा ते कर्तव्यही मानते. तेथील धर्मग्रामाची (एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या स्थानिक मंडळीची) पाळकीय परिषद (कलम 536) सल्लागार असते आणि ती नेमायची की नाही हे बिशप ठरवतात. अर्थसमिती (कलम 537) मात्र सक्तीची आहे.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू केलेल्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये संपलेल्या सिनड (चर्चची सल्लामसलतीची सभा) प्रक्रियेमुळे ‘आत्म्यातील संभाषण’ ही पद्धत सर्वत्र पोहोचली. प्रार्थना आणि मौनानंतर तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत प्रत्येकजण आळीपाळीने बोलतो. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही की उत्तर देत नाही. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत पुन्हा न मांडता, इतरांच्या बोलण्यातले काय मनाला भिडले किंवा खटकले ते सांगायचे. तिसऱ्या फेरीत मोकळी चर्चा होऊन एकमत, मतभेद आणि राहिलेले प्रश्न लिहिले जातात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा मौन. गट सहा ते आठ जणांचा असला, प्रत्येकाला तीन मिनिटे दिली, तर दीड तास पुरतो. बारा जण बसवले की तिसरी फेरी हमखास कापली जाते, आणि नोंद तर तिथेच व्हायची असते. पाळकाने संचालक होऊ नये. तो गटात असलाच, तर शेवटी बोलावे. त्याने आधी मत दिले, की पुढचे लोक त्यालाच दुजोरा देतात.

प्रश्न नेमका हवा. ‘चर्चबद्दल काय वाटते?’ या प्रश्नावर पंखे, ध्वनिक्षेपक आणि गाण्यांची निवड यांपलीकडे गाडी सहसा जात नाही. ‘गेल्या वर्षी अडचणीच्या वेळी मंडळीतले कोण तुमच्याकडे आले?’ याचे उत्तर मात्र भेटी कोणाच्या राहून गेल्या हे दाखवते. उपदेशाबद्दलही ‘कसा झाला?’ याऐवजी ‘तुम्ही काय ऐकले?’ असे विचारावे. वय आणि काम वेगवेगळे असलेल्या चार-पाच जणांनी दोन दिवसांनी एकेका वाक्यात उत्तर लिहून दिले, की पाळकाला म्हणायचे होते ते आणि पोहोचले ते, यांतले अंतर कागदावर दिसते. ऐकण्यातून शिकणे म्हणतात ते प्रामुख्याने हेच.

सभेला येतात ते बहुधा आधीच बोलणारे असतात. अंथरुणाला खिळलेले, रविवारी पाळीवर काम करणारे, तरुण, आणि यायचे सोडलेले यांच्याकडे जावेच लागते. घरभेटीत पाळकाने लगेच वही उघडू नये. बाहेर पडल्यावर टिपावे, पण आधी ‘हे समितीत सांगू का?’ असे विचारावे. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीत, कानावर आलेले मात्र परवानगी मागूनही या नोंदींत घ्यायचे नसते.

‘काही लोक म्हणतात’ अशा निरोपांवर निर्णय बेतणे धोक्याचे. सांगणाऱ्याला ‘त्यांनाच माझ्याकडे घेऊन या’ म्हणावे. त्याहून मोठे नुकसान होते ते निर्णय झाल्यावर मत मागवल्याने. ठरलेले असेल, तर तसे सांगून फक्त अंमलबजावणीबद्दल विचारणे प्रामाणिकपणाचे ठरते. ऐकलेल्याचा गोषवारा महिनाभरात मंडळीपुढे वाचावा : काय ऐकले, काय करणार, काय करणार नाही आणि का. यातला ‘का’ गाळला, की पुढच्या सभेला माणसे निम्मी होतात.

लैंगिक अत्याचार, मारहाण किंवा पैशाच्या अफरातफरीची तक्रार अशा गटात निघाली, तर संचालकाने तिथेच चर्चा थांबवावी. ती बाब फेऱ्यांत चघळायची नसते, गोषवाऱ्यातही घालायची नसते; तक्रारदाराला गटाबाहेर भेटून, त्याच्या सोबतीला कोणी देऊन, ती कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे पोहोचवायची असते.