प्लॅनमध्ये उत्तर वरच हवी का?

‘प्रेझेंटेशन शीटवर प्लॅनची उत्तर वरच हवी, नाहीतर शीट चुकली’ हा सल्ला आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो. (प्लॅन म्हणजे इमारतीचा वरून पाहिल्यासारखा आराखडा; प्रेझेंटेशन शीट म्हणजे असे आराखडे मांडून दाखवायचा मोठा कागद.) तो निराधार नाही, पण नियमही नाही. नुसता संकेत आहे. नकाशांतसुद्धा तो कायमचा नव्हता. अल-इद्रिसी या बाराव्या शतकातल्या अरब भूगोलतज्ज्ञाच्या ११५४ च्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे.

साइट प्लॅनला, म्हणजे इमारत आणि तिच्याभोवतीची जागा दाखवणाऱ्या प्लॅनला, उत्तर वर ठेवणं सोयीचं, कारण तो इतर नकाशांशी ताडून पाहता येतो. पण इमारत उत्तरेशी तिरकी असेल, तर शीटवर सगळ्या भिंती तिरक्या येतात, जागा वाया जाते आणि वाचणाऱ्याची मान दुखते. अशा वेळी भिंती शीटच्या कडांना समांतर ठेवून उत्तरेचा बाण तिरका दाखवणं अगदी योग्य. खटकायला हवं ते वेगळंच: तळमजला एका दिशेने आणि पहिला मजला दुसऱ्या.

पडताळा सोपा आहे. एकाच स्केलचे सगळे प्लॅन एकावर एक ठेवा. जिना, लिफ्ट, कॉलम जुळलेच पाहिजेत. मग प्रत्येक प्लॅनवरचा उत्तरेचा बाण एकाच बाजूला वळलाय का ते बघा. साइट प्लॅनवर दुपारच्या खऱ्या सावल्या काढल्या असतील तर त्याही तपासा: कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते.