पायथनच्या इंजिनाची अटकळ

'रक्कम + कर' एवढी साधी ओळ. पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या कप्प्याला, देवनागरी नावं चालतात, त्यामुळे ती अशीच्या अशी लिहून चालवताही येते. वाचणाऱ्याला बेरीज दिसते. चालवणाऱ्या इंजिनाला मात्र आधी चौकशी करावी लागते. रक्कम म्हणजे पूर्णांक, अपूर्णांक, की मजकूर? मजकूर असेल तर '१२' आणि '३४' मिळून ४६ नाही, '१२३४' होतात, कारण मजकुराच्या बाबतीत अधिकचं चिन्ह म्हणजे जोडणी. पायथनमध्ये व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागत नाही. ही लिहिणाऱ्याची सोय, पण तिचा भार इंजिनावर. दर वेळी दोन्ही बाजूंचा प्रकार बघायचा, त्या प्रकाराची बेरीज कशी करतात ते शोधायचं, मग ती करायची. ओळ लूपमध्ये दहा लाख वेळा फिरली की चौकशीही दहा लाख वेळा.

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत, ॲमस्टरडॅममध्ये असताना, ही भाषा करायला घेतली. तेव्हापासून 'सोपी, पण हळू' हा शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच. २४ ऑक्टोबर २०२२ ला आलेल्या ३.११ आवृत्तीने तो बराच पुसट केला. ठरावीक चाचण्यांवर ती ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली, तेही प्रोग्रॅममधलं एक अक्षर न बदलता.

हे कसं साधलं? कोपऱ्यावरचा चहावाला पहिले दोन-तीन दिवस 'साधा की स्पेशल, साखर किती' विचारतो. पुढे तुम्ही लांबून दिसलात की कटिंग ओततो आणि नुसत्या नजरेने 'तेच ना?' म्हणतो. पायथनच्या इंजिनावर काम करणारे मार्क शॅनन यांनी मांडलेली युक्ती याच जातीची आहे. पायथन आपला प्रोग्रॅम आधी बाइटकोड नावाच्या छोट्या सूचनांमध्ये उतरवतो. त्यातली 'बेरीज कर' ही सूचना काही वेळा चालली आणि दर वेळी पूर्णांकच आले, तर इंजिन ती सूचना जागच्या जागी खोडून 'दोन पूर्णांक मिळव' अशी खास सूचना लिहितं. पुढच्या फेरीत फक्त एक झटपट तपासणी: पूर्णांकच आहेत ना? असतील तर थेट उत्तर. नसतील तर जुना लांबचा रस्ता आहेच, आणि अटकळ वरचेवर चुकू लागली तर इंजिन ती सोडून पुन्हा नव्याने निरीक्षण करतं. उत्तर कधीच चुकत नाही. अटकळ चुकली तर फक्त थोडा वेळ वाया जातो.

याचा फायदा सगळ्यांना सारखा नाही. प्रोग्रॅम नेटवरून उत्तर येण्याची वाट बघत बसला असेल, किंवा खरी आकडेमोड नमपायसारख्या सी भाषेतल्या लायब्ररीत होत असेल, तर फार फरक जाणवत नाही.

माझ्या मते याच आवृत्तीतली वेगाइतकीच मोठी भेट म्हणजे चुकीच्या जागेखाली उमटणारी बाणांची रांग. एका ओळीत तीन भागाकार असले आणि एकात छेद शून्य निघाला, तर पूर्वी फक्त ओळ कळायची. आता नेमका तो भागाकार अधोरेखित होतो. नवशिक्याची निम्मी रात्र वाचते.

पुढचा अडसर कुलपाचा. प्रत्येक वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी पायथन ठेवतो. दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये बरोबरीने चालणाऱ्या दोन कामांनी, ती एकाच वेळी बदलली तर हिशेब बिघडेल, म्हणून एका वेळी एकाच थ्रेडला पायथनच्या सूचना चालवू देणारं एक मोठं कुलूप इंजिनात आहे. प्रोसेसरला आठ कोअर असोत, काम एकाचंच. प्रोग्रॅमर सॅम ग्रॉस यांनी हे कुलूप काढायची वाट दाखवली आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये बिनकुलपाची वेगळी बांधणी प्रयोग म्हणून आली. पण तिच्यात एकाच थ्रेडचं काम चाचण्यांवर सुमारे ४० टक्के जड पडलं. याचं मुख्य कारण आपली अटकळच. एक थ्रेड सूचना वाचत असताना दुसऱ्याने तीच खोडून नवी लिहिली तर घोटाळा, म्हणून त्या बांधणीत ही सोय बंदच ठेवली होती. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये अनेक थ्रेड असतानाही सुरक्षितपणे सूचना बदलण्याची सोय झाली, अटकळ पुन्हा सुरू झाली आणि तो भार ५ ते १० टक्क्यांवर आला.