रांगेतल्या माणसाला पाणी

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने निवडणुकीचा नवा कायदा केला. जवळजवळ शंभर पानी कायदा, पण देशभर गाजलं ते त्यातलं एक छोटं कलम. मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत, किंवा रांगेत उभ्या मतदारापासून २५ फुटांच्या आत कोणी त्याला खाणं किंवा पाणी दिलं, तर तो गुन्हा. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं : पाण्याच्या बाटलीच्या निमित्ताने प्रचार होतो, तो थांबवायचा आहे. आपल्याकडेही मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, त्यामुळे वरवर पाहता यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं वाटू शकतं. पण दक्षिणेकडच्या काळ्या मतदारांना हे वाचून दुसरीच एक रांग आठवली आणि त्या रांगेत पाणी घेऊन गेलेल्यांचं काय झालं होतं तेही आठवलं. ती रांग समजून घ्यायची तर बरंच मागे जावं लागतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना. काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दलचा तो आदर होता आणि तो वावगा नव्हता. यादवी युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिलं आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने सांगितलं की वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कोणाचंही मत नाकारता येणार नाही. (मत पुरुषांचंच. बायकांचं नाव घटनेत यायला १९२० उजाडलं.) काल-परवापर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती ती माणसं मतं देऊ लागली, निवडून येऊ लागली. हायरम रेव्हल्स १८७० मध्ये मिसिसिपीतून सिनेटमध्ये जाऊन बसले.

त्याच १८७३ मध्ये, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात वादग्रस्त निवडणुकीनंतर काळी माणसं तिथलं कोर्ट राखत बसली होती. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ आणली, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. किती मेले याचा नक्की आकडा कधीच ठरला नाही. कमीत कमी अंदाजही साठीच्या घरात जातो. खटला उभा राहिला, तिघांना दोषी धरलं गेलं, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडलं. चौदावी दुरुस्ती राज्यसरकारांना बांधते, एकेकट्या माणसांना नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात तडजोड झाली आणि दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. पुण्यात छापलेल्या त्या अर्पणपत्रिकेतली अमेरिका खरी होती. पण ती किती थोडे दिवस टिकली, हे लक्षात आलं की मन खिन्न होतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो बंदुकीचा नाही, कागदाचा आहे. पंधरावी दुरुस्ती नीट वाचली तर ती ‘मत द्या’ असं म्हणत नाही, ‘या कारणावरून नाकारू नका’ असं म्हणते. मग दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरी कारणं शोधली. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना लिहिली. मत द्यायचं तर आधी कर भरा, आणि घटनेचं कलम वाचून दाखवा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे कोण ठरवणार? नोंदणीच्या टेबलामागे बसलेला अधिकारी. तो गोरा, आणि त्याच्यावर अपील जवळपास नाहीच. लुइझियानाने १८९८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. ज्याला स्वतःला, किंवा ज्याच्या बापाला वा आजाला १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी मताचा हक्क होता त्याला परीक्षा माफ. त्या तारखेआधी तिथल्या काळ्यांना मतच नव्हतं, म्हणजे माफी कोणाला मिळाली ते वेगळं सांगायला नको. अशा सगळ्या कायद्यांत ‘काळा’ हा शब्द कुठे शोधून सापडत नाही. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

अलाबामाने १९०१ मध्ये हेच केलं. तिथला मताचा कर वर्षाला दीड डॉलर, आणि तो साचत जाणारा. चाळिशी ओलांडलेल्या गरिबाला पहिल्यांदा मत द्यायचं तर मागची सगळी बाकी भरावी लागे, जास्तीत जास्त ३६ डॉलर. यात पुष्कळ गरीब गोरेही मताला मुकले, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाचे काळे खासदार जॉर्ज हेन्री व्हाइट प्रतिनिधिगृहातून बाहेर पडले. दक्षिणेतून पुन्हा काळी माणसं काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून यायला १९७२ ची निवडणूक यावी लागली. मधे ७१ वर्षं गेली.

मराठी वाचकाला एक गोष्ट इथे फोडून सांगायला हवी. आपल्याकडे मतदार यादी बनवणं हे सरकारचं काम आहे. माणूस घरी येतो, नावं लिहून नेतो. अमेरिकेत नाव नोंदवायची जबाबदारी मुळात नागरिकाची. त्या काळी त्यालाच कचेरीत जावं लागे, अर्ज भरावा लागे. त्यामुळे तिकडचा झगडा मतपेटीशी सुरू होत नाही, नोंदणीच्या टेबलाशी सुरू होतो. आणि शिक्षणाची किंवा मिळकतीची अट हा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही. १९३५ च्या कायद्याखाली झालेल्या निवडणुकांत मताला अशाच अटी होत्या. बाबासाहेब त्याच्याही आधीपासून प्रौढ मताधिकार मागत होते, आणि आपल्या राज्यघटनेने तो एका फटक्यात सगळ्यांना दिला. १९५१-५२ मध्ये निरक्षर शेतमजूर बाई चिन्ह बघून मत देऊन आली, तेव्हा अलाबामातल्या पदवीधर काळ्या शिक्षकाला यादीत नाव घालणं दुरापास्त होतं.

फॅनी लू हेमर या बाईंची गोष्ट या टेबलाच्या अगदी जवळ नेते. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात त्या वाढल्या. वीस भावंडांतल्या शेवटच्या, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणाऱ्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला १८ जण एका जुन्या बसने इंडियनोला गावच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले, त्यात त्या होत्या. त्यांना राज्यघटनेचं एक कलम दिलं आणि त्याचा अर्थ लिहायला सांगितलं. त्या नापास झाल्या. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे. दंडाचे पैसे बसमधल्यांनी आपापल्या खिशातून गोळा केले. घरी पोचतात तर मळ्याचा मालक दारात : अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. १८ वर्षं त्यांनी त्या मळ्यावर राबण्यात काढली होती. मी माझ्यासाठी नाव नोंदवायला गेले होते, तुमच्यासाठी नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्याच रात्री घर सोडलं. पुन्हा परीक्षा देऊन त्या पास झाल्या, तर मत द्यायच्या वेळी कराच्या दोन वर्षांच्या पावत्या मागितल्या गेल्या. पुढच्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की त्या दुखण्यातून त्या पुरत्या कधी सावरल्याच नाहीत. १९६४ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं सांगितलं. कॅमेरे त्यांच्यावरून हटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मधेच पत्रकारांना बोलावलं. वाहिन्यांनी त्यांची साक्ष मग रात्री दाखवली.

आता ती रांग. अलाबामातलं सेल्मा, डॅलस काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य गाव. काउंटीत मतदानाच्या वयाचे जवळपास १५,००० काळे, त्यातले नोंदलेले ३०० च्या आसपास. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवार उघडी. ७ ऑक्टोबर १९६३ ला साडेतीनशे माणसं सकाळपासून कोर्टाबाहेर रांगेत उभी राहिली. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, जिम क्लार्क आणि त्याची माणसं हातात दंडुके आणि गुरं हाकायच्या विजेच्या काठ्या घेऊन रांगेशेजारून फिरत होती. रांग सोडली की नंबर गेला, मग पाण्यालाही जाता येईना. दुपारी विद्यार्थी चळवळीतले दोन तरुण सँडविच आणि पाणी घेऊन रांगेकडे निघाले. त्यांना जमिनीवर पाडलं, विजेच्या काठ्या टोचल्या आणि गाडीत घालून नेलं. समोरच केंद्र सरकारची इमारत होती. न्यायखात्याचे वकील आणि एफबीआयची माणसं तिथून हे सगळं पाहत होती. कोणी रस्ता ओलांडून आलं नाही. दिवसभरात आत गेले ते मोजकेच.

१९६५ च्या जानेवारीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग सेल्मात आले म्हणून तिथली चळवळ जगाला दिसली. पण अमेलिया बॉइंटन यांच्यासारखी गावातली माणसं कित्येक वर्षं हेच काम करत होती. मला त्या महिन्यातला २२ तारखेचा दिवस फार मोलाचा वाटतो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर शंभरावर काळे शिक्षक, नीट कपडे करून, दोन-दोनच्या ओळीने कोर्टाकडे निघाले. त्यांच्या नोकऱ्या गोऱ्यांच्या शाळा मंडळाच्या हातात होत्या. त्यांनी हातात धरलेले टूथब्रश उंचावून दाखवले. तुरुंगात न्यायचं तर न्या, आम्ही तयारीने आलो आहोत, एवढाच अर्थ. क्लार्कने त्यांना पायऱ्यांवरून ढकलून दिलं, अटक मात्र केली नाही. पोरांनी आपल्या मास्तरांना आणि बाईंना अशा रूपात कधी पाहिलं नव्हतं. मुलांना अक्षर शिकवणाऱ्यांतल्या अनेकांना साक्षरतेच्या नावाखाली यादीबाहेर ठेवलेलं होतं, हे त्या दृश्याने जितकं उघडं केलं तितकं भाषणांनी नसतं केलं.

१८ फेब्रुवारीला शेजारच्या मॅरियन गावात राज्य पोलिसाने जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या मजुराला गोळी घातली. आठ दिवसांनी तो गेला. त्याच्यासाठी म्हणून राजधानी मॉन्टगोमेरीपर्यंत ५४ मैल चालत जायचं ठरलं. ७ मार्चच्या रविवारी सुमारे सहाशे माणसं एडमंड पेटस पुलावर चढली. पुलाला नाव आहे ते यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं. पलीकडे पोलिसांची भिंत उभी होती. पांगायला दोन मिनिटं देतो असं सांगितलं आणि तेवढीही न देता लाठ्या, अश्रुधूर आणि घोडे अंगावर घातले. पुढे चालणाऱ्या जॉन लुइस यांची कवटी फुटली. ते २५ वर्षांचे होते. एबीसी वाहिनीने त्या रात्री चालू असलेला सिनेमा थांबवून ती चित्रं घरोघरी दाखवली. २१ मार्चला न्यायालयाच्या परवानगीने मोर्चा पुन्हा निघाला आणि मॉन्टगोमेरीत पोचेपर्यंत २५,००० माणसं झाली.

६ ऑगस्ट १९६५ ला मताधिकार कायद्यावर सही झाली. त्याची ताकद त्याच्या पाचव्या कलमात होती. ज्या राज्यांचा आणि काउंट्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. आधी अन्याय, मग दहा वर्षं खटला, हा क्रम त्याने उलटा केला. मिसिसिपीत काळ्यांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. सेल्मात जिम क्लार्क १९६६ च्या निवडणुकीत पडला.

२००६ मध्ये सिनेटने या कायद्याला ९८ विरुद्ध ० मतांनी २५ वर्षांची मुदतवाढ दिली. पण २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी, कोणती राज्यं या कलमाखाली येतात ते ठरवणारं सूत्र रद्द केलं. पाचवं कलम कागदावर राहिलं, पण ते लावायचं कोणाला हेच उरलं नाही. देश बदलला आहे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात उत्तर दिलं : भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे. त्याच दिवशी टेक्ससने मतदारांच्या ओळखपत्राचा अडलेला कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाने त्या वर्षी केलेला कायदा २०१६ मध्ये रद्द करताना अपील न्यायालयाने म्हटलं की काळ्या मतदारांवर जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकपणे नेम धरला आहे. आधी परवानगी घ्यायची अट असती तर हा कायदा बहुधा लागूच झाला नसता. आता मधल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या.

जॉन लुइस पुढे जॉर्जियातून खासदार झाले आणि ३३ वर्षं निवडून येत राहिले. जुलै २०२० मध्ये ते वारले. घोड्यांच्या गाडीवरून त्यांची शवपेटी त्याच पुलावरून नेली. पुलाचं नाव अजून पेटसच होतं, आणि या खेपेला पलीकडे उभ्या पोलिसांनी सलामी दिली. आठ महिन्यांनी त्यांच्याच राज्यात पाण्याच्या बाटलीचं ते कलम आलं. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी बंद दारामागे त्यावर सही केली. बाहेर पार्क कॅनन नावाच्या काळ्या आमदार दार ठोठावत होत्या, त्यांना पोलिसांनी हातकड्या घालून नेलं. तारीख होती २५ मार्च. बरोबर ५६ वर्षांपूर्वी त्याच तारखेला सेल्माहून निघालेली माणसं चालत चालत मॉन्टगोमेरीच्या पायऱ्यांशी पोचली होती.