खाली गेलेले प्राणिप्लवक परत कधी येणार?

भरदुपारी समुद्राच्या वरच्या पन्नासेक मीटर पाण्यातून जाळं ओढलं आणि त्यात कोपेपॉड (प्राणिप्लवकांतले, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांतले, कोळंबीच्या नात्यातले जीव) जवळजवळ सापडलेच नाहीत, तर ते खाली गेलेत हे कोणीही सांगेल. पण परतणार कधी? आज रात्री, की येत्या वसंतात? या दोन फेऱ्यांची सर्रास गल्लत होते.

रोजच्या फेरीचं घड्याळ म्हणजे उजेड. डोळ्यांनी हेरून शिकार करणारे मासे टाळायचे म्हणून दिवसा खालच्या अंधारात, रात्री चरायला वर. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्रावर, समुद्राचा ‘खोटा तळ’ दिसायचा. संध्याकाळ झाली की तो वर सरकायचा, कारण तो थर जिवंत होता: क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव), छोटे मासे आणि असेच इतर जीव. उत्तर ध्रुवाकडच्या महिनोन्महिन्यांच्या रात्रीत तर हीच ये-जा चंद्रप्रकाशावरही चाललेली आढळली आहे.

हंगामी फेरीचं गणित निराळं. उत्तर अटलांटिकमधला कॅलानस फिनमार्किकस हा कोपेपॉड घ्या. प्रौढ व्हायला एकच कात उरलेली असताना, म्हणजे पाचव्या कोपेपोडाइट टप्प्यावर, तो उन्हाळ्यात किंवा शरदाच्या तोंडाशी खोल उतरतो. खुल्या समुद्रात बहुधा ५०० मीटरच्या खाली, कुठे हजाराच्याही पुढे. तिथे खाणं बंद, श्वसन मंद, असे कित्येक महिने. सूक्ष्मदर्शकाखाली हा दोन-तीन मिलिमीटरचा पारदर्शक जीव पाहिला की आधी नजरेत भरते ती अंगभर लांब पसरलेली तेलाची पिशवी. हिवाळा सरता सरता कात टाकून तो प्रौढ होतो आणि अंडी घालायला वर येतो.

उत्तर पॅसिफिकमधला निओकॅलानस हा कोपेपॉड याहून टोकाचा. त्याचे प्रौढ वर येतच नाहीत; न खाता, साठवलेल्या चरबीवर खोलवरच अंडी घालतात. वर येतात ती पिल्लं. तेव्हा ‘परत आले’ म्हणताना जरा जपूनच. इथे परतते ती पुढची पिढी.

गोंधळाचं मूळ हे, की एकाच जातीचे काही जीव उन्हाळ्यात रोज वर-खाली करत असतात आणि तेव्हाच त्यांचे भाऊबंद खोलवर निजलेले असतात. म्हणून नुसत्या दिवसाच्या नमुन्यावर विसंबू नये. त्याच जागी रात्री जाळं टाकावं, खोलीनुसार थर वेगळे ठेवावेत. जीव खालीच सापडले, पोट रिकामं आणि तेलाची पिशवी गच्च असेल, तर तो बहुधा निजलेला. पोटात हिरवट अन्न दिसलं तर नुकताच वरून चरून आलेला.

समुद्रात किती कार्बन खोल जातो, या हिशोबातही फरक पडतो. रोजचे प्रवासी वर खाल्लेलं अन्न खाली विष्ठेतून आणि श्वसनातून सोडतात. निजलेले कॅलानस मात्र चरबी जाळतात, आणि मेणासारख्या या चरबीत नायट्रोजन-फॉस्फरस जवळपास नसतोच. म्हणजे कार्बन खोल जातो, पण वरच्या पाण्यातली पोषकद्रव्यं त्या प्रमाणात घटत नाहीत.