दम कमी झालाय खरा, पण कशामुळे?

बडोद्याला कमाटी बागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलला, असं त्यावर कोरलेलं आहे. वजन बाराशे किलो असल्याचं सांगतात. सुट्टीत नातवंडांना घेऊन आलेले आजोबा त्यापाशी हमखास थांबतात आणि ठरलेलं वाक्य येतं: "अशी माणसं होती तेव्हा. नाहीतर तुम्ही, दोन जिने चढलात की धापा टाकता. बसा मोबाईल घेऊन."

त्या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पूर्वीचा माणूस दणकट होता, ही एक. आताचा माणूस आळसामुळे ढिला पडला, ही दुसरी. दोन्ही आपल्याला इतक्या उघड वाटतात की त्या तपासाव्यात असं कुणाच्या मनातही येत नाही.

पहिलीसाठी दगडावरचं सालच पुरेसं आहे. १९०२ च्या जेमतेम दोन वर्षं आधी गुजरातेत छप्पनियो होऊन गेला होता. संवत १९५६ चा तो दुष्काळ आजही घराघरांत याच नावाने ओळखला जातो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. गामाने दगड उचलला तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं उपासमारीतून नुकतीच उठत होती. एका पैलवानाची ताकद त्या पैलवानाबद्दल, त्याच्या तालमीबद्दल आणि त्याला खुराक पुरवणाऱ्या दरबाराबद्दल सांगते. त्या काळच्या सर्वसाधारण माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे, प्रा. माणिकरावांच्या शिष्यांचे जुने फोटो पाहतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. मल्लखांबावर चढलेली ती मुलं खरीच तयारीची होती, पण हिवतापाने घरी पडून राहिलेला मुलगा त्या फोटोत कधीच आला नाही.

योगायोग असा की त्याच १९०२ मध्ये इंग्लंडात नेमकी हीच चर्चा पेटली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, १८९९-१९०० मध्ये, मँचेस्टरमध्ये सुमारे ११ हजार तरुण भरतीला आले आणि त्यातले ८ हजार सरळ बाद झाले. मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी टोपणनावाने लेख लिहिला की भरतीला येणाऱ्या पाचांपैकी दोनच जण पुढे सैनिक म्हणून टिकतात. देशभर घबराट पसरली. शहरी जीवनाने वंशच बिघडत चाललाय, आया नीट सांभाळत नाहीत, पोरं सिगारेटी ओढतात, अशी कारणं सांगायला प्रत्येकजण पुढे आला. शेवटी सरकारने समिती नेमली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. पिढ्यान्‌पिढ्या वंश ढासळत चालल्याचा पुरावा नाही, असं समितीने स्पष्ट म्हटलं. भरतीला येत होते ते बहुतेक बेकार, झोपडवस्तीतले, अर्धपोटी तरुण. त्यांच्यावरून अख्ख्या देशाचं माप काढणं चुकीचं होतं, आणि तुलना करायला आधीच्या पिढीची मापंही हाताशी नव्हती. त्या अहवालानंतर १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा. कारण नीट शोधलं म्हणून उपदेशाऐवजी ताटात अन्न पडलं. या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

मग घट झालीच नाही का? झाली आहे, आणि ती नीट मोजलेली आहे. वीस मीटरवर दोन रेघा आखतात, बीप वाजली की एका रेघेवरून दुसरीवर धावायचं. मिनिटामिनिटाला बीप जवळजवळ येत जातात आणि मूल मागे पडलं की चाचणी थांबते. ग्रँट टॉमकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ ते २०१४ या काळातले, १९ देशांतल्या ९ ते १७ वर्षांच्या सुमारे ९ लाख ६५ हजार मुलांचे निकाल एकत्र केले. त्यात मुलांचा दम सुमारे ७ टक्क्यांनी उतरलेला दिसला. हे देश बहुतेक श्रीमंत किंवा वरच्या मध्यम उत्पन्नाचे आहेत, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. पण त्या आलेखाचा आकार बघण्यासारखा आहे. मोठी घसरण २००० च्या आधीची आहे, त्यानंतर रेघ जवळपास सपाट होते. पहिला आयफोन आला २००७ मध्ये. जो आरोपी गावात पोचायच्या आधीच चोरी झाली, त्याला पकडून काय उपयोग? मोबाईलने झोप बिघडते, मान दुखते, ते वेगळं. पण ही विशिष्ट घसरण त्याच्या नावावर घालता येत नाही.

शिवाय 'दम' मोजतात कसा, हेही पाहायला हवं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते मिनिटाला मिलिलिटरमध्ये काढतात आणि त्याला वजनाने भागतात. समजा ४० किलोचा मुलगा मिनिटाला १८०० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. भागाकार आला ४५. त्याच मुलाच्या अंगावर पाच किलो चरबी चढली, हृदय तेच, फुप्फुसं तीच, प्राणवायू तेवढाच. आता १८०० भागिले ४५, उत्तर ४०. अहवालात हा मुलगा 'कमी तंदुरुस्त' ठरला, आणि धावताना तो मागे पडेलही, कारण जास्तीचं वजन त्यालाच ओढायचं आहे. पण बिघाड इंजिनात नाही, ओझ्यात आहे. देशोदेशीच्या घसरणीतला बराच वाटा या ओझ्याचा आहे, आणि नुसतं 'मैदानावर जा' म्हटल्याने ते उतरेलच असं नाही.

कारण वजनाचं गणितही वाटतं तितकं सोपं नाही. टांझानियातले हाड्झा लोक अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर यांच्या गटाने २०१२ मध्ये त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराचं आकारमान जमेस धरल्यावर तो खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच निघाला. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडतं, असं यावरून दिसतं. चालणं हृदयाला, स्नायूंना, मनाला हवंच. पण 'कष्ट कमी झाले म्हणून चरबी वाढली' या एका वाक्यात सगळं बसत नाही.

आपल्या बाबतीत तर त्याहून कमी बसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबाने निघणारा दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा याज्ञिकांच्या गटाने अभ्यास केला. ही बाळं जन्मताना इंग्लंडातल्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी होती. पण हा हलकेपणा स्नायूंत जास्त आणि चरबीत कमी होता. म्हणजे कमी स्नायू आणि त्या मानाने जास्त चरबी, ही जुळणी गर्भातच होऊन येते. त्यात आईच्या पोषणाचा मोठा हात आहे. ज्या मुलाने अजून एकही पाऊल टाकलेलं नाही, त्याला आळशी कसं म्हणणार?

कारण आणि परिणाम यांच्यातला बाण उलटा धरला जाण्याचं एक उदाहरण साथरोगशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. व्यायाम हृदयाला राखतो या म्हणण्याला तो पहिला भक्कम आधार होता. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि १९५६ मध्ये पुढचा लेख लिहिला: ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरघेर कंडक्टरांपेक्षा जास्त होता, आणि तोही नोकरीला लागतानाच. म्हणजे काही अंशी बैठ्या कामाने माणूस जाड झाला नव्हता, जाड माणूसच बैठ्या कामाकडे वळला होता. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला असा धक्का लावून बघणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढच्या अभ्यासांतून व्यायामाचा फायदा टिकलाच, फक्त त्याचं माप खरं झालं.

आता आपल्या घरात येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, गुजरातेतल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ८० टक्के बालकांना. बोट टोचून काढलेल्या थेंबावरची ही मोजणी आहे, त्यामुळे आकडा काहीसा फुगलेला असू शकतो, असं तज्ज्ञ म्हणतात. निम्मा धरला तरी तो भयंकर आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १३ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात १७ मिलिलिटरच्या वर प्राणवायू मावतो, १० असेल तर १३ च्या आसपास. जिना तोच, पण हिमोग्लोबिन १० असलेल्या बाईच्या रक्तात प्राणवायू मावतो तो जेमतेम पाऊण वाट्याइतका. तिचं हृदय जोरजोरात धावून तूट भरून काढायला बघतं, म्हणून छातीत धडधड, म्हणून धाप. आणि लोह कमी असेल तर स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही मंदावते.

अशी बाई दुपारी आडवी होते, संध्याकाळी फिरायला जायचा कंटाळा करते. घरातले म्हणतात, अंग हलवत नाहीस म्हणून दमतेस. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर या समजुतीची परीक्षाच झाली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही मळेकामगारांना लोह दिलं आणि काहींना लोह नसलेल्या गोळ्या. उपदेश कुणालाच केला नाही. लोह मिळालेल्यांची दिवसभराची हालचाल आपोआप वाढली, आणि ज्या बायकांचं रक्त फार उतरलेलं होतं त्यांनी चहाची पानंही जास्त खुडली. अंग हलत नव्हतं म्हणून दम नव्हता असं नाही, दम नव्हता म्हणून अंग हलत नव्हतं.

हवेचंही तसंच. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. तिथली हवा नव्वदच्या दशकापासून हळूहळू स्वच्छ होत गेली आणि पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता चिंताजनक कमी असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. मुलांनी काही वेगळं केलं नव्हतं.

मग इच्छेचा, शिस्तीचा काहीच भाग नाही का? आहे, पण तो कुठे दिसतो ते पाहा. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के. हा आकडा लोकांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून येतो. याच 'हालचाल न करणाऱ्या' बायका नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर रात्री उशिरापर्यंत गरबा खेळतात. ऑफिसहून येऊन, स्वयंपाक उरकून, घागरा सावरत, घामाने चिंब होईपर्यंत. सलग दोन तास गरबा खेळणं म्हणजे चांगलाच व्यायाम आहे. त्या नऊ रात्रींत त्यांचा स्वभाव बदलत नाही. मोकळं मैदान असतं, दिवे असतात, सोबत असते, रात्री एकटीने घरी परतायची भीती नसते, आणि 'कुठे चाललीस?' असं कुणी विचारत नाही. दसऱ्यानंतर यातलं बरंचसं निघून जातं. फुटपाथवर गाड्या उभ्या राहतात, शहरातल्या वाडी भागातल्या गल्लीत स्कूटरमधून वाट काढत चालावं लागतं, आणि बाई पुन्हा आकडेवारीत 'निष्क्रिय' होते.

शाळांत आता तंदुरुस्तीची चाचणी होते. खेलो इंडियाच्या चाचणीत ६०० मीटरची धाव आहे, उंची आणि वजन आहे. मूल मागे पडलं तर शेरा येतो, 'सराव वाढवावा'. दुसरीकडे 'अॅनिमिया मुक्त भारत' योजनेत त्याच शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची असते. तिची नोंद वेगळ्या वहीत. पीटीच्या सरांनी आणि गोळ्या वाटणाऱ्या बाईंनी या दोन वह्या शेजारी ठेवल्या, त्यात हिमोग्लोबिनचा एक रकाना वाढवला, आणि मुलगी सकाळी काही खाऊन आली होती का एवढं विचारून लिहिलं, तर वर्षभर गोळी घेतलेल्या आठवीतल्या मुलींची ६०० मीटरची वेळ बदलली की नाही, हे बडोद्यातल्या कुठल्याही शाळेला स्वतःच्याच कागदांवरून कळेल.