हॉस्पिटलच्या बेसिनखाली मुरलेले जिवाणू

आयसीयूतल्या पेशंटचा कल्चर रिपोर्ट ज्यांनी हातात धरला आहे, त्यांना त्यातली एस आणि आर ही अक्षरं माहीत असतात. डावीकडे औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. रक्तात क्लेबसिएला हा जिवाणू सापडला आणि मेरोपेनेमसारख्या राखून ठेवलेल्या अँटिबायोटिकपुढेही आर आला, तर डॉक्टरांच्या हाती मोजकी औषधं उरतात. त्यातलं कोलिस्टिन मूत्रपिंडांना त्रास देणारं.

अशा वेळी सगळी चर्चा औषधांभोवती फिरते. नवं अँटिबायोटिक कधी येणार, जुन्यांचा अतिवापर कोणी केला, वगैरे. हे प्रश्न खरेच आहेत. पण मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: हा जिवाणू या पेशंटपर्यंत पोचला कुठून? गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या संशोधकांनी हा माग काढला, तेव्हा तो वारंवार एका अनपेक्षित जागी जाऊन थांबला. ती जागा म्हणजे हात धुण्याचं बेसिन.

सुरुवात अमेरिकेतल्या एका घटनेपासून करू. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. जून २०११ मध्ये तिथे न्यूयॉर्कहून एक रुग्ण दाखल झाली. तिच्या शरीरात केपीसी प्रकारचा क्लेबसिएला होता, म्हणजे कार्बापेनेम गटाची औषधं (मेरोपेनेम त्यातलंच) फोडून निकामी करणारं एन्झाइम बाळगणारा. ही गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे तिला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं होतं. गाऊन, हातमोजे, स्वतंत्र खोली, सगळं. जुलैच्या मध्याला ती बरी होऊन घरी गेली आणि सगळ्यांना वाटलं की निभावलं.

तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, दुसऱ्या एका पेशंटमध्ये तोच जिवाणू सापडला. मग तिसऱ्यात, चौथ्यात. वर्ष संपेपर्यंत आकडा १८ वर गेला. त्यातले ११ जण दगावले आणि त्यांपैकी ६ मृत्यू थेट या संसर्गामुळे झाल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदवलं आहे.

पहिली रुग्ण आणि दुसरा पेशंट यांची हॉस्पिटलात कधी गाठच पडली नव्हती. मग हा तोच जिवाणू, की बाहेरून आलेला दुसराच? याचं उत्तर मिळवण्यासाठी जनुकशास्त्रज्ञ ज्युली सीग्री, एव्हन स्निटकिन आणि संसर्गतज्ज्ञ तारा पामोर यांच्या गटाने प्रत्येक पेशंटच्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम वाचून काढला. सुमारे ६० लाख अक्षरांच्या त्या मजकुरात सगळ्या नमुन्यांमध्ये मिळून जेमतेम ४१ ठिकाणी फरक निघाला. म्हणजे मूळ एकच होतं. त्या फरकांचा क्रम लावल्यावर असंही दिसलं, की पहिल्या रुग्णाकडून तो एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी इतरांपर्यंत गेला होता. मधल्या आठवड्यांत काही पेशंट कोणतंही लक्षण न दाखवता आतड्यात तो बाळगून होते. त्यांची तपासणीच झालेली नव्हती, कारण ताप नाही तर कल्चर कशाला पाठवायचं?

हॉस्पिटलने मग काहीच बाकी ठेवलं नाही. बाधितांसाठी भिंत बांधून वेगळा आयसीयू केला, तिथला स्टाफ आणि यंत्रं वेगळी ठेवली, सगळ्या पेशंटचे नियमित स्वॅब घेतले. खोल्यांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली. येणारा-जाणारा हात स्वच्छ करतो की नाही, हे पाहायला माणसं बसवली. स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवर तो जिवाणू सापडला. आणि बेसिनच्या ड्रेनमध्येही सापडला.

ड्रेनमधल्या जिवाणूने त्या पेशंटना आजारी पाडलं, असं या शोधातून सिद्ध होत नाही. उलटही झालेलं असू शकतं: पेशंटकडून ड्रेनमध्ये. हा भेद नीट लक्षात ठेवायला हवा, कारण या विषयावर लिहिताना तो सर्रास पुसला जातो. पण ड्रेनकडून पेशंटकडे जाणारा रस्ता खरोखर आहे का, याचं बऱ्यापैकी ठाम उत्तर त्याआधीच कॅनडात मिळालेलं होतं. टोरंटोतल्या एका आयसीयूत डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात सुडोमोनास या जिवाणूचा, बहुतेक औषधांना न जुमानणारा प्रकार ३६ पेशंटमध्ये आढळला. तीन महिन्यांच्या आत १७ जण गेले, आणि त्यातल्या १२ जणांच्या मृत्यूला हा संसर्ग कारणीभूत किंवा साहाय्यभूत होता. तपास करणाऱ्यांनी बेसिनच्या ड्रेनमध्ये चमकणारा रंग ओतला आणि नळ सोडला. अतिनील दिव्याखाली पाहिलं, तर रंगाचे थेंब निदान एक मीटरपर्यंत उडालेले. पेशंटचं निर्जंतुक सामान तयार करायची जागा त्या टप्प्यातच होती. नळाची धार थेट ड्रेनवर पडत होती, बेसिन उथळ होतं. शिंतोडे उडणार नाहीत अशी बेसिनं बदलून घेतल्यावर ती साथ थांबली.

आता बेसिनखाली नेमकं काय चालतं, ते पाहू. बेसिनच्या खाली पाइपला यू अक्षरासारखा बाक असतो. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. गटाराचा वास वर येऊ नये म्हणून त्यात कायम थोडं पाणी साचलेलं असतं. तिथे जिवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. ब्लीच ओतलं की वरचा पापुद्रा मरतो, आतले जगतात आणि थर पुन्हा उभा राहतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात एमी मेथर्स आणि शिरीन कोटय यांच्या गटाने यासाठी चक्क बेसिनांची प्रयोगशाळा उभारली. हॉस्पिटलात असतात तशी पाच बेसिनं शेजारी शेजारी, मागून एकाच पाइपला जोडलेली. ट्रॅपमध्ये हिरवं चमकणारा, निरुपद्रवी ई. कोलाय सोडला आणि रोज थोडं खाद्य घातलं. २०१७ मध्ये त्यांनी जे मांडलं, ते मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत बोलकं वाटतं. ट्रॅपमधले जिवाणू नळाच्या धारेने थेट वर उडत नाहीत. ते पाइपच्या भिंतीवरून, थर वाढवत, दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर या वेगाने वर चढतात. आठवडाभरात जाळीशी पोचतात. एकदा जाळीवर आले, की मग नळ सोडल्यावर थेंबांबरोबर ७५ सेंटिमीटरपर्यंत आजूबाजूला पडतात. आणि मागच्या सामाईक पाइपमधून ते शेजारच्या बेसिनाच्या ट्रॅपमध्येही जातात.

खाद्य मिळाल्याशिवाय ही चढाई होत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. आपल्याकडच्या वॉर्डात बेसिनमध्ये काय काय जातं, ते आठवून पाहा. उरलेला चहा, पेशंटने अर्धवट सोडलेलं शहाळ्याचं पाणी, ग्लुकोज, डाळीचं पाणी, गुळण्या. नातेवाइकांचा यात काय दोष? बेडजवळ दुसरी जागाच नसते, आणि तिथे ओतू नका असं त्यांना कोणी सांगितलेलंही नसतं. त्यात बाटलीत उरलेल्या अँटिबायोटिकची भर पडली, की त्या थरात औषधाला दाद न देणारेच टिकून राहतात. शिवाय बायोफिल्ममध्ये वेगवेगळ्या जातींचे जिवाणू इतके लगटून असतात, की प्रतिकाराची जनुकं वाहणारी प्लाझ्मिड नावाची डीएनएची वेटोळी एका जातीतून दुसऱ्या जातीत सहज जातात.

बेथेस्डाच्या त्याच हॉस्पिटलात पुढे सांडपाण्याची तपासणी झाली. त्या काळात असा संसर्ग झालेले पेशंट तिथे अगदी कमी होते. तरीही आयसीयूच्या पाइपांतल्या सांडपाण्याच्या आणि बाहेरच्या मॅनहोलच्या प्रत्येक नमुन्यात कार्बापेनेम फोडणारे जिवाणू निघाले. हा अभ्यास २०१८ चा. पेशंटमधली साथ आटोक्यात असली, तरी पाइपांमधला साठा तसाच राहतो.

आपल्या देशाचा या विषयाशी संबंध जुना आहे. एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) या कार्बापेनेम फोडणाऱ्या एन्झाइमच्या नावात दिल्ली आली, त्यावरून २०१० मध्ये मोठा गदारोळ झाला आणि त्यात मूळ माहिती मागे पडली. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते: ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये सापडलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिकारक नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१. पुढे २०११ मध्ये नवी दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास आला. रस्त्यावर साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक होतं. हिंदुजाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या हॉस्पिटलचे आकडे न लपवता छापले, याचं मोल मला फार वाटतं. साथीचा माग अशा प्रामाणिक नोंदींवरच काढता येतो.

मग बेसिनं काढूनच टाकायची का? नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या विद्यापीठ हॉस्पिटलाने २०१४ मध्ये आयसीयूतल्या पेशंटच्या खोल्यांमधली बेसिनं खरोखर काढली. हात स्वच्छ करायला अल्कोहोल रब, अंग पुसायला तयार ओली पुसणी, औषधं विरघळवायला बाटलीतलं पाणी. चौदा दिवस किंवा जास्त राहिलेल्या पेशंटमध्ये अशा जिवाणूंची लागण सुमारे साडेतीन पटीने घटली. परिणाम लक्षणीय आहे, पण हा एका हॉस्पिटलातला आधी-नंतरचा अभ्यास आहे. आणि आपल्या सरकारी वॉर्डात, जिथे एका बेसिनवर पन्नास माणसं अवलंबून असतात, तिथे तो जसाच्या तसा उचलणं मला चुकीचं वाटतं. हाताला रक्त किंवा घाण लागलेली असेल, तर साबण-पाणीच लागतं. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालतच नाही.

आपल्याला जमण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं स्वस्त आहे. हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठी ठेवायचं आणि उरलंसुरलं ओतायला वॉर्डाबाहेर वेगळी मोरी द्यायची. नळाची धार जाळीवर पडणार नाही अशी तोटी बसवायची, बेसिन खोल घ्यायचं. इंजेक्शनची ट्रॉली आणि सलाइनचा स्टँड बेसिनपासून एक मीटर दूर ठेवायचा, जागा नसेल तर मध्ये आडोसा घालायचा. व्हर्जिनियाच्या हॉस्पिटलात बेडपॅन धुण्याच्या भांड्यांवर झाकणं बसवली, ट्रॅपला गरम करणारी आणि कंप देणारी उपकरणं लावली, आणि त्यानंतर पेशंटमधली लागण घटली. यातली झाकणं तर आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला परवडतील. नव्या आयसीयूचा नकाशा मंजूर होतो, तेव्हा त्यावर आर्किटेक्ट आणि प्लंबिंगचा ठेकेदार सही करतात. त्या टेबलाशी हॉस्पिटलचा मायक्रोबायॉलॉजिस्ट आणि इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर बसलेली असावी, इतका साधा नियम आधी झाला तरी पुष्कळ फरक पडेल.